सत्तर टक्के

मुरबाडच्या मेंगाळांनी पाठवलेला डिंक
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून आला.
झाकणावर मार्करनं लिहिलेलं :
मध नाही. खाऊ नये.

काळपट, तपकिरी, एका कडेला
माशीचा पंख, अख्खा.
झाडानं आपल्या कोंबांसाठी काढलेला चीक
माश्यांनी मागच्या पायांना लावून पेटीत नेला,
फटी बुजवल्या, दार लहान केलं.
आत शिरून मेलेली पाल ओढून काढणं झेपेना
तेव्हा तिलाही त्यातच लिंपून टाकलं.
पाल सडली नाही.
एवढ्यावरून आमचं हे काम निघालं.

रबाळे एमआयडीसी, दुसरा मजला.
खालच्या गाळ्यात रबरी वायसर कापतात,
त्यामुळे टेबलाला सतत बारीक थरथर.
डिंक रात्रभर उणे वीसमध्ये ठेवायचा,
नाहीतर मिक्सरच्या पात्याला असा धरतो
की पातंच फेकावं लागतं.
(एकदा लागलं. पैसे माझ्या पगारातून.)
गोठल्यावर मात्र काचेसारखा फुटतो
आणि खोलीभर कसल्यातरी जंगलाचा वास.

चार बाटल्या, प्रत्येकीत दहा ग्रॅम.
एकीत पाणी, एकीत निव्वळ अल्कोहोल,
एकीत इथाइल ॲसिटेट, नेलपॉलिश पुसल्यासारखा वास येणारं,
आणि शेवटचीत सत्तर भाग अल्कोहोल, तीस भाग पाणी.
बाहेरून चांदीचा कागद. तीन दिवस अंधार.
येता-जाता हलवत राहायच्या,
पाळण्यातल्या पोराला हलवतात तशा,
मन दुसरीकडे ठेवून.

पाणी सभ्य.
उंबऱ्याबाहेर उभं राहिलं,
आपणहून बाहेर आलं तेवढंच घेतलं :
फिक्क्या चहाइतकं.
निव्वळ अल्कोहोल थेट माजघरात गेलं
आणि मेणासकट सगळं उचलून आलं,
गाळताना कागद तुंबला.
सत्तरवाली बाटली उघडली तेव्हा
आत गडद, लालसर, नितळ.
प्रज्योत म्हणाला, मॅडम, ही बोलली बघा.

मग जांभळं द्रावण.
त्यातल्या कणाकण्याला एक इलेक्ट्रॉन कमी,
दिसेल त्याच्यापुढे हात पसरणारं.
देणारा भेटला की जांभळा रंग उतरतो, पिवळा होतो.
अर्धा रंग उतरवायला
पाण्याच्या अर्काचे चारशे बारा लागले,
सत्तरवालीचे सेहेचाळीस.
जितकं कमी लागेल तितकं चांगलं.
या एका परीक्षेत तरी.

पेडामकर सर म्हणाले,
विकायचं पाण्याचंच.
अल्कोहोल वाचलं की गिऱ्हाईक बाटली परत ठेवतं.
आकडा तेवढा सत्तरचा छापू.
डिंक तोच आहे ना?

डिंक तोच आहे.
मेंगाळांचा, मुरबाडचा, त्याच डब्यातला.
मी म्हटलं, सर, डिंक तोच,
पण विचारणारं वेगळं होतं.
सर हसले. लेबलाचा नमुना ठेवून गेले.
आकड्याच्या जागी रिकामी चौकट.
मी वहीत चारही आकडे शाईनं लिहिले,
तारीख घातली, खाली सही केली.
चौकट अजून रिकामीच आहे. उद्याचं उद्या.

साडेसहाला हजेरीचं मशीन
माझा अंगठा ओळखेना.
पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा.
नळाखाली धुतला, साबण लावला, दुपट्ट्यावर घासला.
पुन्हा ठेवा.
मागे वायसरवाल्या बायका घणसोलीच्या रिक्षेसाठी घाई करत होत्या.
वॉचमननं टेबलावरची सॅनिटायझरची बाटली सरकवली,
कोविडपासून तिथेच असलेली.
पाठीमागे बारीक अक्षरात : सत्तर टक्के.

दोन थेंब. तपकिरी ओघळ मनगटापर्यंत आला,
खालून माझ्या रेषा निघाल्या.
मशीन म्हणालं, थँक यू.

उरलेली चार बोटं तशीच चिकट ठेवून
मी जिना उतरले.